सुताला हात लावून चालणारी गल्ली

नागपूरहून आल्यापासून जो तो विचारतो, संत्री कशी होती? गोड होती. झालं संत्र्यांचं. आता मला जे सांगायचंय ते ऐका. कारण त्या गावात मी जितक्या वेळा हबकलो, तितका उभ्या आयुष्यात हबकलो नसेन, आणि इथे दापोलीत कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

आधी थोडं घरचं. माझं दापोलीला दोर, ताडपत्री आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. आता मुलगा बघतो. मी गल्ल्यावर बसून त्याच्या चुका काढतो. गेल्या पावसाळ्यात माझी बायको सुलभा मागीलदारी शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चालवा यांना. पण सुलभाने धास्तीच घेतली. वॉकर धरून खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून परत खाटेवर. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दिवाळीची रांगोळीसुद्धा तिने खिडकीतून पाहिली. एकदा बिछान्याला खिळलं माणूस की पुढे काय होतं, ते मी आमच्या आळीत पाहिलेलं आहे. ही आता कधीच चालणार नाही, या भीतीने माझं जेवणावरचं मन उडालं होतं.

नागपूरला दिलेली आमची लेक मुग्धा म्हणाली, "बाबा, आईला इकडे आणा. माझ्या सासूबाई तिला बरोबर उठवतील." सासूबाई काय डॉक्टर आहेत का, असं मी विचारलं. मुग्धा नुसती हसली. शेवटी व्हीलचेअर, वॉकर, उशा असं सगळं बिऱ्हाड घेऊन आम्ही डिसेंबरात निघालो. प्रवासाचं सांगत नाही. सुलभा खिडकीशी बसून होती आणि मी तिच्या उशा सारख्या करत होतो.

गाव आणि गारठा

आम्हा कोकणातल्या लोकांची एक समजूत असते की नागपूर म्हणजे भट्टी. मी सुती सदरे भरले होते. पहाटे गाडीतून उतरलो आणि दातावर दात आपटायला लागले! असली थंडी मी जन्मात पाहिली नव्हती. फलाटावर माणसं कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होती आणि मी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभा. जावई नीलेशने स्वतःचं जाकीट काढून मला घातलं. सासऱ्याने जावयाचं जाकीट घालून त्याच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकायचं, म्हणजे शोभाच की!

घर जुन्या शहरात, विणकरांच्या गल्लीत. नीलेश बँकेत आहे, पण त्याचे आजोबा-पणजोबा हातमागावर लुगडी विणायचे. गल्लीत आता माग जवळजवळ राहिले नाहीत. कुणाची मुलं शिक्षक, कुणाची कंपनीत, कुणाचं मोबाइलचं दुकान. दारात शेवंताबाई उभ्या होत्या, म्हणजे मुग्धाच्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काडी, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा.

"या इवाईबुवा, या!" इवाई म्हणजे व्याही, हे मला मुग्धाने कानात सांगितलं. मग सुलभाकडे वळून, "आन् तुम्ही काहून वाकून राहिल्या वं इहीनबाई? हाड जुळलं ना? मंग?"

मी उडालोच. आमच्याकडे दोन विहिणी पहिले दोन दिवस "घ्या ना" आणि "पुरे पुरे" याच्या पुढे जात नाहीत. इथे उंबऱ्यातच "मंग?" सुलभा बिचारी ओशाळली. मला राग आला होता, पण जाकीट त्यांच्या मुलाचं होतं, गप्प बसलो.

जेवायला सांबारवडी केली होती. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आत खसखस, खोबरं, वरून कुरकुरीत. सुलभाने तीन खाल्ल्या. घरी ती अर्ध्या पोळीवर उठायची. हा धक्का मात्र मला आवडला.

गल्लीतली पांजण

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं अंगणात आल्यावर शेवंताबाई म्हणाल्या, "चाला, आता पांजणीची येळ झाली."

पांजण काय असते ते मला तेव्हा कळलं. विणायच्या आधी लुगड्याचा उभा ताणा गल्लीत लांबलचक पसरायचा, त्याला खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचा फिरवत मागे-पुढे चालत राहायचं. ताण्याला हात लागायचा तो अगदी हलका, कारण एक धागा तुटला की घरातलं मोठं माणूस खवळायचं. या गल्लीतली म्हातारी माणसं लहानपणापासून असंच चालत आलेली. माग बंद पडले, पण चालायची सवय काही जाईना. मग त्यांनी काय केलं असेल? गल्लीत थोड्या थोड्या अंतरावर सिमेंट भरलेले तेलाचे डबे मांडले, डब्यात बांबू उभे केले आणि बांबूंना कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंनी सूत ताणलं. मधून म्हाताऱ्यांनी चालायचं. दोन्ही हात सुताला लावून सरळ जायचं, मग आडवं एकेक पाऊल, मग टाच-अंगठा, टाच-अंगठा. एक आजोबा पॅन्टवर कमरेला शेला गुंडाळून असे डुलत चालले होते की मला हसू आवरेना.

शेवंताबाई वर्षभराचं गणित सांगत होत्या. "हिवाळ्यात ऊन चढल्याबिगर बाहेर नाई निघायचं. थंडीत सांधे आखडते, मंग पाय मुरगळते. पायात चप्पल नाई, बूट पाहिजे. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत संपवाचं, मंग दिवसभर कूलरपुढं खुर्चीत बसून मागावर मारतो तसे पाय मारायचे. पाण्यापावसात गल्ली निसरडी, तवा आम्ही मंदिराच्या मंडपात सूत बांधतो. आन् दम लागला, छातीत कसं झालं, का तिथंच बसायचं. लाजायचं नाई."

हे सगळं ठीक. पण मग त्यांनी सुलभाकडे बघितलं. "चाला."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी वॉकर पुढे केला. शेवंताबाईंनी वॉकर उचलला आणि भिंतीशी ठेवून दिला! शेजारच्या बेबीताई पुढे आल्या. या बाई साठीच्या, दंडाने पैलवान, आयुष्य इस्पितळात आया म्हणून गेलेलं. त्यांनी जाड सुती पंचा सुलभाच्या कमरेला घट्ट बांधला, मागची गाठ मुठीत धरली आणि म्हणाल्या, "म्या हाय मागं. तुमी फक्त सुताले हात लावा. धरू नोका, लावा."

मी मध्ये जाणार, एवढ्यात मुग्धाने माझा दंड धरला. "बाबा, तिच्या डॉक्टरांना मी रिपोर्ट पाठवलेत. विचारून चाललंय सगळं."

सुलभाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर त्या थंडीतही घाम. बांबूपर्यंत गेली, थांबली, आणि चक्क म्हणाली, "अहो, गेले की मी!"

काय सांगू तुम्हाला. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. सहा महिन्यांत हिच्या तोंडून "अहो" आलं होतं ते फक्त पाणी द्या आणि धरा मला, एवढ्यासाठी.

दोरवाल्याची अक्कल

तीन-चार दिवस असेच गेले. सुलभा रोज थोडी जास्त चालायची, उन्हात बसून संत्री सोलायची, बेबीताईंशी हसायची. जेवायला कधी बेसनाच्या वड्यांचा पाटोडी रस्सा, कधी वांग्याची भाजी, सगळं तिखटजाळ. आम्ही नारळात वाढलेली माणसं. मी दोन घासांना एक तांब्या पाणी पीत होतो. शेवंताबाई म्हणायच्या, "काय गा बाप्पा, इवाई जेवून राहिले का आंघोळ करून राहिले?"

पण माझं सगळं लक्ष त्या सुतावर. एके दिवशी दुपारी गल्ली रिकामी होती. मी गेलो आणि त्याला हात लावून पाहिला. अहो, काय सांगता! साधं दोन पदरी सूत! मी सहज ओढलं तर तुटलं हातात. खुब्यात धातू घातलेली माझी बायको या धाग्याच्या भरवशावर चालत होती! उभा जन्म दोर विकण्यात गेला माझा. कुठला दोर नांगराला, कुठला पडावाला, म्हणजे मोठ्या होडीला, कुठला विहिरीला, मला डोळे मिटून कळतं. आणि माझ्याच बायकोला ही माणसं धाग्यावर चालवतात?

मी तणतणत शेवंताबाईंकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या. "तुटलं त तुटलं," म्हणाल्या, "दुसरं बांधू. तुटायलेच पाहिजे थे."

तुटायलाच पाहिजे? मनात म्हटलं, बाई, तुम्हाला कळत नसेल, मला कळतं. गांधीबागेच्या बाजारात कापड बघायचं निमित्त केलं आणि बाहेर पडलो. कापडाच्या गाठी, हातगाड्या आणि स्कूटरच्या गर्दीतून वाट काढत एक दोराचं दुकान शोधलं. पांढरा, पिळाचा सुती दोर घेतला. असा सुरेख पीळ की मी तो दुकानातच दोनदा नाकाला लावला. संध्याकाळी बायका टीव्हीसमोर होत्या, तेव्हा सुलभा ज्या बाजूला उजवा हात लावते त्या बाजूचं सूत काढलं आणि दोर बांधला. पडाव बांधतात तशी गाठ, कडक ताणून. हाताने दाबून पाहिलं, ढिम्म. मी खूश होऊन आत आलो आणि पोटभर जेवलो.

सकाळी धुकं होतं म्हणून चालणं उशिरा सुरू झालं. शेवंताबाई आत चुलीशी होत्या. बेबीताईंनी पंचा बांधला, सुलभाने हात लावला. तिला दोर लागला हाताला. पक्का, भरगच्च दोर. तिने काय केलं असेल? कुणीही करेल तेच. टेकली त्याच्यावर. सगळा भार उजव्या हातावर टाकला.

आणि डबा कलंडला. बांबू आडवा झाला, दोर बाजूला गेला, आणि सुलभा त्याच्यासोबत. मी ओरडलोसुद्धा नाही. ती पडते आहे आणि मी दहा हातांवर खांबासारखा उभा. तिचा आवाज मात्र ऐकला, "आई गं!" तोच, शेवाळावरचा.

बेबीताईंनी पंचा मागे खेचला, स्वतः जमिनीवर बसल्या आणि सुलभाला मांडीवर घेतलं. एवढंच. एवढंच झालं. सुलभा त्यांच्या मांडीत बसलेली, बांबू तिच्या पायावर आडवा.

शेवंताबाई हातातली पळी घेऊनच धावत आल्या. दोर बघितला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सगळ्या नागपूरला ऐकू जाईल असं बोलतील. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इवाईबुवा, सूत असतं त तुटलं असतं, डबा जाग्यावर राह्यला असता. आन् तिनं भारच नसता टाकला त्याच्यावर. सुतावर भार टाकता येत नाई, म्हणून त पाय काम करते."

पण खरा धक्का पुढे होता. सुलभा खालूनच माझ्यावर ओरडली. चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला, ती चारचौघांत माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी सांगितलं होतं?"

धंतोली

सुलभाला तसंच धंतोलीत नेलं. शहराच्या या भागात दवाखान्याला दवाखाने लागलेले आहेत. कुठून कुठून माणसं आली होती, खेड्यांतून, गाठोडी घेऊन, पायरीवर डबे उघडून जेवत होती. आम्ही बाकावर. मुग्धा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये सुलभा. ती माझ्याशी बोलत नव्हती. एक्स-रे होईपर्यंत मी काय काय कबूल केलं देवाला, ते इथे लिहीत नाही. हाड पुन्हा हललं असेल तर ही आता उठायची नाही, आणि त्याला कारण मी.

डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "एकदम परफेक्ट आहे काकू. काही नाही झालेलं. दोन दिवस आराम, मग पुन्हा सुरू करा. मागून पट्टा धरणारं माणूस हवंच. आणि काठी आणा आता, वॉकर हळूहळू सोडू."

मी म्हटलं, "डॉक्टर, आम्ही उद्या-परवा परत जातोय. आता नको हे."

"तुम्ही जा," सुलभा म्हणाली.

मला वाटलं डॉक्टरांना म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही जा. मी होळीपर्यंत इथे राहते. तिकडे मी उठायला लागले की तुमचा हात येतो. मी पाऊल उचलायच्या आत येतो. इथे मला चालू देतात."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मुग्धा खिडकीबाहेर बघू लागली. मी हादरलो, अगदी मुळापासून हादरलो. बाळंतपणं सोडली तर ही बाई माझ्याशिवाय एक रात्र माहेरी राहिलेली नाही. आणि तेव्हासुद्धा मी आठवड्याला एक फेरी मारायचो. आणि आता होळीपर्यंत? मला लागलं ते, खोटं कशाला सांगू. मी बाहेर जाऊन रस्त्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, जीभ पोळली, नाक वाहिलं, आणि तरी दुसरी प्लेट मागितली. रागावलेल्या माणसाने खायचं अन्न आहे ते.

परत

दोन दिवसांनी ती पुन्हा सुतावर गेली. मी उंबऱ्यात बसून राहिलो. उठायचं नाही, असं शेवंताबाईंनी मला बजावलं होतं. "तुमी नुसतं पाहत राहा. तुमाले लय तरास होते, मले माहीत हाय. तरी पाहा." मी हाताची घडी घातली आणि हात काखेत दाबून धरले. त्या दिवशी ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन, एकच हात सुताला. मग एका सकाळी मी दाढी करत होतो, तर खिडकीतून दिसलं की काठी कोपरात अडकवलेली आहे, दोन्ही हात सुतापासून वीतभर वर आहेत, नुसते हवेत, आणि ती चालते आहे. बेबीताईंनी पंचा ढिला सोडला होता. मला वस्तरा लागला, रक्त आलं. माझ्या गालाला, तिला काही नाही.

माझी निघायची वेळ आली. दुकानावर मुलगा एकटा, त्याला सुट्टी हवी होती. स्टेशनवर सोडायला नीलेश, शेवंताबाई आणि काठी टेकत सुलभा. काठी फक्त जिन्यापुरती, असं तिने मला दोनदा ऐकवलं. मग माझ्या पिशवीत संत्री भरली, माझा मफलर नीट केला आणि म्हणाली, "खेडला उतरताना घाई करू नका. दांडी धरा. तुमचंही वय झालंय."

मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो. आता गाडी सुटेपर्यंत ती उभी राहील, हात हलवेल, असं मी धरून चाललो होतो. तर शेवंताबाई म्हणाल्या, "चाला वं, ऊन चाललं, गारठा पडते आता." आणि सुलभा पाठ फिरवून निघाली! गाडी सुटायच्या आधी!

मी खिडकीला तोंड लावून ओरडलो, "अगं सुलभे! गाडी तरी सुटू दे!"

तिने मान वळवली नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही हिने. पण तिने ऐकलं होतं. चालता चालता मागे वळून बघितलं की तोल जातो, ते त्या गल्लीत कुणी करत नाही. ती आधी थांबली. काठी शेवंताबाईंच्या हातात दिली. दोन्ही पाय नीट जमिनीवर टेकवले. मग अख्खी, सावकाश, माझ्याकडे वळली आणि उभी राहिली. कुणाचाही हात नव्हता तिला. मला रडू फुटलं, मोठ्याने, सगळ्या डब्यासमोर.